मिटलेल्या पुस्तकावर फुली

ठराव मीच लिहिला होता. म्हणजे सांगितला सरपंचबाईंनी, आणि रजिस्टरात उतरला माझ्या अक्षरात. 'ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांपैकी एकाला दरवर्षी पुढील शिक्षणासाठी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या निधीतून शिष्यवृत्ती द्यावी. शिक्षणाच्या काळात त्याला पगारी रजा द्यावी व त्याच्या जागी तात्पुरती नेमणूक करावी.' पहिलं वाक्य मी नेहमीपेक्षा सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं, खोटं कशाला सांगू. दुसरं वाक्य लिहून झालं आणि 'तात्पुरती नेमणूक' या दोन शब्दांवर माझी नजर अडकली ती अडकलीच.

मी या ग्रामपंचायतीत चौदा वर्षांपासून लिपिक आहे. आमचं गाव समुद्रपूरहून गिरडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. टेकडीवर दर्ग्याला जाणाऱ्या माणसांनी बस भरली की आम्हाला उभं राहून जावं लागतं, एवढाच आमचा त्या रस्त्याशी संबंध. माहेर माझं पवनारचं. बारावी झाल्यावर वर्ध्याच्या कॉलेजात रोज बसनं जाणाऱ्या मुलींत मीही असणार, असं धरून मी पाससाठी फोटोसुद्धा काढून आणला होता. त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. सासरी कुणी 'शिकू नको' म्हटलं नाही. आधी मुलगी झाली, मग ही नोकरी लागली, आणि शिक्षण राहून गेलं. कुणी ते हिसकावून घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कुणावर रागावताही आलं नाही.

ग्रामपंचायतीत आम्ही कर्मचारी तिघं. मी, गावाला पाणी सोडणारे भाऊ, आणि झाडूकाम करणारी बाई. आमच्यात बारावी झालेली मी एकटीच. त्यामुळे ठराव ज्यानं ऐकला त्या प्रत्येकानं तो माझ्यासाठीच आहे असं समजून घेतलं. मीही तेच समजले. फक्त गावाला त्यात माझा फायदा दिसला, आणि मला त्यात माझी खुर्ची जाताना दिसली.

याला कारण होतं. सरपंचपद त्या वेळी महिलांसाठी राखीव होतं. निवडून आलेल्या बाई चौकातल्या कृषी केंद्राच्या मालकाच्या बायको. त्यांचं घराणं आजोबा-पणजोबांपासून व्यापारातलं. बियाणं, फवारणीची औषधं, हंगामात थोडा कापूस. नवऱ्याला सगळं गाव शेठ म्हणतं. सही बाईची आणि डोकं शेठचं, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. सभेत बाई काही बोलल्या की माझी नजर आपोआप दाराकडे जायची, शेठ मागं उभे आहेत का पाहायला.

आणि आदल्याच वर्षी मी या शेठचं एक काम अडवलं होतं. दुकानामागे गावठाणाच्या जागेवर त्यांनी पत्र्याचं गोदाम उभं केलं आणि त्याची नोंद घरांच्या रजिस्टरात आपल्या नावानं करून मागितली. मी म्हटलं, "जागेचे कागद आणा, मग करू." ते हसले. "ठीक आहे बाई, कागद आणतो," म्हणाले, आणि गेले. त्यानंतर त्या गोदामाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. आरडाओरडा केला असता, वर तक्रार केली असती, तर मी निश्चिंत झाले असते. हा माणूस हसून गेला, म्हणून मी वर्षभर वाट पाहत होते.

त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मले हटवाचा डाव आहे हा," मी म्हटलं.

"तुले शिकाचं होतं ना?"

"होतं."

"मंग आता देऊन राह्यले तं काऊन नाई म्हनतं?"

"देऊन राह्यले म्हनूनच."

त्यांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडे पाहिलं. आमचे हे सरळ माणूस. शेतातून येतात, जेवतात, झोपतात. "बारावीवर एक वर्षाचा कोर्स भेटते ना वर्ध्याले. तू पवनारले भावाकडे राहशीन, शनिवारी घरी येशीन. वर्ष संपलं का पुन्हा तुह्या जाग्यावर. यात डाव कोठी आहे?"

"त्या वर्षात माह्या जाग्यावर कोन बसन? अन् बसलेलं मानूस उठते का?"

त्यांनी ताट पुसून घेतलं आणि हात धुवायला उठले.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडावंदन झाल्यावर ग्रामसेवकानं ठराव वाचून दाखवला आणि एकदम गलका झाला. "आमच्या घरपट्टीवर बाई शिकन काय?" असं एकानं विचारलं. दुसरा उठला, "आमच्या पोट्ट्याइले फी नाई भेटत, अन् नोकरीवाल्याइले शिष्यवृत्ती?" तिसऱ्यानं नाव न घेता माझ्याकडे पाहत म्हटलं, "ठराव लिहिनारे आपल्यासाठीच लिहून राह्यले आता." मी मान खाली घालून कार्यवृत्त लिहीत राहिले. दुसऱ्याचं म्हणणं मला मनातून पटत होतं, हेही सांगून टाकते.

सरपंचबाई उभ्या राहून म्हणाल्या, "दाखले, नोंदी, पानी, सफाई, ज्याइच्या हातून होते त्याइले काही आलं तं गावाचाच फायदा आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. मी दाराकडे पाहिलं. शेठ तिथं नव्हते. शाळेच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ते लांब उभे होते.

शेवटी एका निवृत्त गुरुजींनी तोडगा काढला. हात वर करून कुणी खरं बोलत नाही, चिठ्ठ्या टाका, गावाला हवं असेल तर होईल. पोळा झाल्यानंतरच्या रविवारी शाळेत मतदान घ्यायचं ठरलं.

मधल्या दिवसांत मी जे केलं ते आठवून आजही मला बरं वाटत नाही. उघड विरोध मला करता येत नव्हता. गावानं विचारलं असतं, बाई, तुझ्याच भल्याला तू का नाही म्हणतेस, आणि मला शेठचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी आडून म्हणत राहिले, "मले काही नाई पाहिजे व. गावाचा पैसा गावाच्या कामी लागू द्या." बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसल्या. "लाजून राह्यली पाहा," एक म्हणाली. मी जितकं नको म्हणत गेले तितकी त्यांना माझी माया येत गेली. दोघी-तिघींनी तर तिथंच सांगून टाकलं, "आमचं मत तुलेच."

मग एक दिवस मी पंचायत समितीच्या कामानं समुद्रपूरला गेले. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात शेठची धाकटी सून उभी होती. हातात फाईल. गुणपत्रिका, टायपिंगचं प्रमाणपत्र, संगणकाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या प्रती काढून घेत होती.

"कायचा अर्ज भरून राह्यली?" मी विचारलं.

"असंच काकू," ती म्हणाली आणि फाईल बंद केली. "कागद तयार असले म्हणजे बरं असते."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले, पण बाहेर काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. टायपिंग. संगणक. तात्पुरती नेमणूक. माझ्यापुरती खात्री झाली होती.

मतदानाच्या दोन दिवस आधी पाणीवाले भाऊ ऑफिसात आले. पन्नाशीचा माणूस, उंच, जरा वाकलेला. पंचवीस वर्षांपासून रोज पहाटे उठून व्हॉल्व्हच्या भल्यामोठ्या चावीनं गावाचं पाणी सोडतात. इतक्या वर्षांत ते माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. हातातल्या पिशवीतून त्यांनी दहावीचं इंग्रजीचं गाईड काढलं, जुनं, कोपरे दुमडलेलं.

"बाई, त्या ठरावात दहावीबी बसते का?"

मी म्हटलं, "कोनाच्या दहावीचं म्हनता?"

"माह्या. इंग्रजी अन् गनित राह्यलं होतं तवा. मंग राह्यलंच."

"फी तं थोडीच असते भाऊ. त्याले शिष्यवृत्ती कायले पाहिजे?"

"फीचं नाई म्हनत मी." ते गाईडकडे पाहत होते. "सकाळी अभ्यास होते, संध्याकाळी डोकं चालत नाई. अन् सकाळी तं मी पान्यावर. एखांदा मानूस बदली भेटला तं माही सकाळ मोकळी होते. म्हनून इचारलं."

ठराव माझ्या अक्षरात होता. 'कर्मचाऱ्यांपैकी एकाला' असं मीच लिहिलं होतं, आणि त्यात हा माणूस येतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. पण त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला आठवलं, की भाऊंचं घर शेठच्या दुकानामागेच आहे आणि सकाळचा चहा ते तिथंच घेतात. मला वाटलं, यांना शेठनंच पाठवलं. माझं मन वळावं म्हणून. मी रुक्षपणे म्हटलं, "पाहू. आधी मतदान तं होऊ द्या." त्यांनी गाईड पिशवीत घातलं आणि खुर्ची होती तशी सरकवून ठेवली.

चिठ्ठ्या तयार करायचं काम माझ्याकडेच आलं. ग्रामसेवक म्हणाले, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं टाका. मी दोन चित्रं काढली. उघडं पुस्तक म्हणजे 'हो', मिटलेलं पुस्तक म्हणजे 'नाही'. आवडेल त्याच्यावर पेनानं फुली मारायची. उघडं पुस्तक मी दोनदा खोडून चांगलं काढलं होतं, पण प्रिंटरची शाई संपत आलेली, त्यामुळे छापताना ते फिकं आलं. मिटलेलं मात्र काळं, ठसठशीत उमटलं. मी ते तसंच राहू दिलं. नवी शाई समुद्रपूरहून आणता आली असती.

रविवारी शाळेसमोर रांग लागली. एक म्हातारी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून, मिटलेल्या पुस्तकावर बोट ठेवून ओरडून विचारत होती, "हे वीट कायची हाय?" मागच्यानं सांगितलं, घरकुलाची असेल. माझ्या डोळ्यांदेखत दोन-चार जणांनी मान हलवली. ग्रामसेवकानं पुढं होऊन समजावलं खरं, पण ते कितीजणांना कळलं कोण जाणे. ज्यांना वर्षानुवर्षं घरकुल मिळालं नव्हतं त्यांनी काय केलं असेल, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

वर्गात कोपऱ्यात फळा आडवा लावून आडोसा केला होता. माझा नंबर आला. आत गेले. लहान मुलांच्या बाकावर चिठ्ठी ठेवली. एक मिनिटभर मला खरंच कॉलेजची बस दिसली, पवनारच्या पुलावरून जाणारी, आणि मी उघड्या पुस्तकावर पेन टेकवलं. मग शेठच्या सुनेची बंद होणारी फाईल आठवली. मी पेन उचललं आणि मिटलेल्या पुस्तकावर फुली मारली. घडी केली, डब्यात टाकली.

ठराव चार मतांनी पडला.

गुरुजींनी आकडा वाचला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरपंचबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. शेठच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही, आणि मी तर त्यांच्याकडेच पाहत होते. पाणीवाले भाऊ ओसरीच्या पायरीवर बसले होते. ते उठले, मागून धोतर झटकलं, "चला, टाकी भराची हाय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून जो तो मला दिलासा देऊ लागला. प्रत्येकजण सांगे, आमचं मत तुम्हालाच होतं बाई. मी हो हो म्हणत राहिले आणि मनात मोजत राहिले, इतक्या जणांनी दिलं तर पडला कसा? यांच्यातलं कोण खोटं बोलतंय? माझी स्वतःची चिठ्ठी मी त्या हिशेबात धरतच नव्हते. मग गावात बोलणं सुरू झालं, की चित्र मुद्दाम तसं काढलं, वीट वाटावी म्हणून. कुणी म्हणे शेठनं काढायला लावलं, कुणी म्हणे ग्रामसेवकानं. माझ्यावर कुणाचा संशय गेला नाही. ठराव माझ्या फायद्याचा होता ना!

दिवाळीनंतर एका सकाळी मी बसस्टॉपवर उभी होते. शेठची सून आली, खांद्याला पर्स, हातात डबा. हिंगणघाटला एका खासगी शाळेच्या ऑफिसात लागली होती. उन्हाळ्यापासून त्याचेच अर्ज चालले होते, घरात सांगितलं नव्हतं म्हणून त्या दिवशी तुम्हालाही सांगता आलं नाही, असं ती अगदी सहज म्हणाली. बस आली, ती चढली. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. इथलं जमलं नाही म्हणून तिथं गेली असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण ते काही नीट बसेना.

त्याच आठवड्यात दुपारी ऑफिसात मी आणि सरपंचबाई दोघीच होतो. त्या दाखल्यांवर सह्या करत होत्या. सही करता करताच म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही 'नाही'लाच दिलं ना मत?"

माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला. "काऊन म्हनता असं?"

"मोजनी झाल्यावर मी चिठ्ठ्या पाहिल्या. सगळ्याइच्या फुल्या वाकड्यातिकड्या. एक फुली बरोबर चौकटीत, बारीक, दोन्ही रेघा सारख्या. तुम्ही रजिस्टरात रिकाम्या रकान्यात फुली मारता ना, तशी." त्या वर पाहून हसल्या नाहीत. "मी कोनाले सांगितलं नाही."

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. विचारलं, "तात्पुरती नेमनूक कोनाची ठरली होती?"

"कोनाचीच नाही."

"शेठनं..."

"शेठ!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेठले हे पसंतच नव्हतं. गावाच्या पैशानं नोकर शिकवते का कोनी, म्हणे. घरात सांगूनच गेले होते, मी विरोधात देईन, आणि देऊन आले. तुमची अन् त्यांची चिठ्ठी एकाच गठ्ठ्यात होती." पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, "मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाले होती, लग्न झालं तवा. या खुर्चीवर बसली तं एक काम तरी माझ्या डोक्यातलं व्हावं, बस इतकंच होतं. तुम्ही एकदा विचाराचं तं होतं."

विचारलं नव्हतं खरं. चौदा वर्षं बायकांच्या अर्जांवर 'पतीचे नाव' हा रकाना भरता भरता माझीही सवय तीच झाली होती. बाई काही म्हणाली की त्यामागे कोण आहे ते शोधायचं. तरीही सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला असं नाही. गोदाम अजून तिथंच उभं होतं.

पण भाऊंच्या बाबतीत मला स्वतःला फसवता येईना. त्यांच्या परीक्षेच्या खासगी फॉर्मची मुदत संपत आली होती. मी एक दिवस टाकीजवळ गेले. ते मोटरच्या खोलीत बसले होते.

"भाऊ, फॉर्म भरून टाकू तुमचा. सकाळचं पानी मी सोडीन परीक्षा होतवर. मले शिकवा फक्त."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमाले काऊन एवढी काळजी? ठराव तं पडला."

"असंच."

"असंच कोनी पहाटं उठत नाई बाई. काय पाहिजे तुमाले?"

बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मग मी सांगून टाकलं. माझी फुली, माझी भीती, शेठचं गोदाम, आणि ते गाईड घेऊन आले तेव्हा मला वाटलं ते सुद्धा. ते ऐकत राहिले. मोटरचा आवाज येत होता, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि असली गोष्ट मोठ्यानं बोलणं फार कठीण असतं.

"मी तं तुमच्यासाठी घरोघरी सांगून आलतो," ते शेवटी म्हणाले. "बाईले शिकू द्या, मंग माहाबी नंबर लागन म्हनून." आणि उठून टाकीवर चढले.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ऑफिसात आले तर दारातूनच काम सांगायचे. नवव्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात येऊन त्यांनी व्हॉल्व्हची चावी तुळशीजवळ टेकवून ठेवली आणि म्हणाले, "उद्या पाचले येजा. पयले खालची गल्ली, मंग शाळेमागची, मंग वरची. उलटं केलं तं वरच्याइले थेंब नाई भेटत."

फॉर्म आम्ही शेवटच्या दोन दिवसांत भरला. त्या हिवाळ्यात मी पाणी सोडलं. लोखंडी चावी हाताला बर्फासारखी लागायची आणि शाळेमागचा व्हॉल्व्ह इतका घट्ट होता की पहिल्या दिवशी मला नवऱ्याला उठवून न्यावं लागलं. बायका दारात येऊन पाहायच्या. लिपिकबाई चावी फिरवतेय, यात काहीतरी आहे हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. "आता नळाचीबी नोकरी खाते काय व?" एकीनं मला ऐकू जाईल असं विचारलं. बचत गटात मला 'आमचं मत तुलेच' म्हणणारीच होती ती. मी खाली मान घालून चावीचे फेरे मोजत राहिले. मोटरच्या खोलीत भाऊ दिव्याखाली इंग्रजीचं व्याकरण मोठ्यानं वाचत असायचे. कधी कधी अडायचे आणि बाहेर येऊन मला विचारायचे, आणि मला येत नसायचं.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा इंग्रजीत ते पास होते. गणित पुन्हा राहिलं. गुणपत्रिका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि बोटानं इंग्रजीचा रकाना दाखवला, खालचा झाकून. "जुलैले पुन्हा बसतो," म्हणाले. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले आणि चहा होईपर्यंत उठले नाहीत. जुलैत बसले. गणित सुटलं की नाही हे मी इथं लिहिणार नाही. त्यांनी मला सांगितलं आहे, की ज्याला सांगायचं त्याला ते स्वतःच सांगतील.

पुढच्या पंधरा ऑगस्टला सरपंचबाईंनी तोच ठराव पुन्हा आणला. आदल्या दिवशी लिहायला बसले तेव्हा मी पेन थांबवून म्हटलं, "ताई, यात एक वाक्य पाहिजे मले."

"कोनतं?"

"शिक्षण पूर्ण झाल्यावर कर्मचाऱ्यास त्याच्या मूळ जागी परत घेण्यात येईल. अन् तात्पुरती नेमनूक ग्रामसभेसमोर, नाव वाचून."

"लिहा," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीच लिहिलं असतं तं!"

या वेळी गुरुजी आजारी होते, चिठ्ठ्यांचं कुणी नाव काढलं नाही. हात वर करून मत घेतलं. माझा हात वर होता. भाऊंचा होता. बायकांच्या ओळीत बरेच हात होते. आणि पुरुषांच्या पहिल्या ओळीत, सगळ्यांच्या आधी, शेठचा हात वर गेला होता, सरळ, मनगटातल्या घड्याळासकट. ग्रामसेवक हात मोजत होते आणि मी त्या एका हाताकडे पाहत होते. गेल्या वर्षी विरोधात गेलेला हा माणूस या वर्षी बाजूनं कशाला? बायकोनं समजावलं म्हणून? गाव बाजूनं आहे असं दिसलं म्हणून? की आणखी काही?

माझा अर्ज मंजूर झाला आहे. सोमवारपासून मी पवनारला भावाकडे राहणार, वर्ध्याला वर्ग. माझ्या जागी शेजारच्या गावची एक मुलगी आली आहे, नाव सभेत वाचूनच. हुशार वाटते. दोन दिवस मी तिला सगळं समजावून दिलं. तिसऱ्या दिवशी ती जेवायला गेली तेव्हा मी घरांच्या नोंदीचं रजिस्टर उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढला. शेठच्या दुकानाच्या पानावर गोदामाची नोंद नव्हती, हे उद्या दाखवता यावं म्हणून. काढता काढता दारात पावलं वाजली म्हणून दचकून वर पाहिलं, तर सरपंचबाई उभ्या होत्या. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मोबाईल पाहिला.

"गोदामाचं पान नीट आलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आलं."

"मलेबी पाठवून ठेवा एक," म्हणाल्या, आणि सह्या करायला बसल्या.

मी पाठवला. का मागितला असेल, याचा विचार करत.